कामट्यांचा आकाशकंदील घरी कसा बनवायचा: २४ कामट्या, ६ चौकोन आणि पतंगाचा कागद

दसरा झाला की माहीमची कंदील गल्ली उजळते, दादरला रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि तयार कंदील घ्यायचा म्हटलं तर कापडाचे, कागदाचे, मेटॅलिक, फोल्डिंग, काय हवं ते मिळतं. तिथे कंदील बनवणाऱ्या घरांची हातोटी बघण्यासारखी असते आणि त्यांच्याकडून घ्यायलाही काहीच हरकत नाही. पण बांबूच्या कामट्या बांधून, चिकटवायला मैद्याची खळ शिजवून, पतंगाचा कागद लावून केलेला कंदील ज्यांनी लहानपणी चाळीत बघितलाय त्यांना तो घरात परत हवा असतो, आणि तो खरंच दोन-तीन संध्याकाळींत होणारं काम आहे. त्यासाठी मशीन लागत नाही, वर्कशॉप लागत नाही, वन बीएचकेच्या हॉलमध्ये चटई अंथरून बसलात तरी झालं.

कंदिलाबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते सुरुवातीलाच सांगतो. यातली सगळी मेहनत सांगाड्यावर घ्यायची. लोक कागद आणि सजावटीच्या मागे लागतात आणि सांगाडा अर्ध्या तासात कसाबसा बांधून टाकतात, मग कागदाला सुरकुत्या पडतात, कंदील एका बाजूला झुकतो, आणि त्यावर कितीही सोनेरी पट्ट्या चिकटवल्या तरी तो वाकडा तो वाकडाच दिसतो. सांगाडा काटकोनात बसला असेल तर साधा एकरंगी कागद लावला तरी कंदील देखणा दिसतो.

आधी आकार डोक्यात बसवा

कंदिलाचे आकार बरेच आहेत, चांदणी, षटकोनी, विमान, मटका. आपण करतोय तो जुना आणि सोपा, २४ सारख्या कामट्यांचा. एक चौकोनी खोका डोळ्यासमोर आणा, सगळ्या बाजू सारख्या. आता त्याचे आठही कोपरे छाटून टाका, असे की प्रत्येक काप खोक्याच्या कडेच्या बरोबर मध्यापर्यंत जाईल. उरतात ६ चौकोन आणि जिथे कोपरे होते तिथे ८ त्रिकोण. एक चौकोन वर, एक खाली, आणि चार चौकोन बाजूने टोकावर उभे, शंकरपाळीसारखे. झाला आपला कंदील.

यातली गंमत अशी की त्रिकोण वेगळे बनवावेच लागत नाहीत. ६ चौकोन बनवले, प्रत्येकाला ४ कामट्या म्हणजे २४, आणि ते कोपऱ्याला कोपरा बांधत गेलात की मधल्या जागांत त्रिकोण आपोआप तयार होतात. प्रत्येक कामटी एका बाजूने चौकोनाची कड असते आणि दुसऱ्या बाजूने त्रिकोणाची.

मापं मी ९ इंच बाजूची देतोय, कारण फ्लॅटच्या खिडकीला किंवा गॅलरीला ती बरोबर बसतात. ९ इंचाला कंदिलाची उंची येते साधारण पावणेतेरा इंच आणि मधल्या भागात टोकापासून टोकापर्यंत रुंदी १८ इंच, शेपट्या वेगळ्या. चाळीच्या चौकात किंवा सोसायटीच्या गेटवर मोठा हवा असेल तर १२ इंच बाजू घ्या, मग उंची १७ आणि रुंदी २४ इंच होते. हिशोब सोपा आहे, रुंदी म्हणजे बाजूची दुप्पट आणि उंची म्हणजे बाजूची साधारण १.४ पट. खिडकीच्या ग्रीलच्या आत टांगणार असाल तर आधी टेप लावून बघा, १८ इंच ऐकायला कमी वाटतं पण बॉक्स ग्रीलमध्ये कुंड्या असतील तर कंदील त्यांना घासत राहतो.

सामान कुठून आणायचं

कामट्या सगळ्यात महत्त्वाच्या. दिवाळीच्या आधी बऱ्याच बाजारांत कंदिलाच्या तयार कामट्यांच्या जुड्या मिळतात. नाहीतर सुपं-टोपल्या विणणारे बुरूड असतात त्यांच्याकडे मागा, ते हव्या त्या जाडीच्या फोडून देतात. तिसरा मार्ग म्हणजे गणपती-नवरात्रीचे मांडव सुटतात तेव्हा बांबूचे तुकडे पडलेले असतात, मंडळाच्या पोरांना विचारून एक-दोन घेऊन ठेवा. गावी कोकणात घर असेल तर माणग्याची एखादी काठी घेऊन या, तो बांबू जवळपास भरीव असतो आणि चिवट असतो, त्याच्या कामट्या फार छान निघतात.

पतंगाच्या कागदाचे ताव स्टेशनरीच्या होलसेल दुकानांत मिळतात, अब्दुल रेहमान स्ट्रीटवर किंवा डोंगरीत पतंगवाल्यांकडे बघा. ताव साधारण २० बाय ३० इंचाचा असतो. आपल्याला ३ ताव पुरतात पण ४-५ घ्या, हा कागद नखानेसुद्धा फाटतो. बाकी सुती दोरा, पतंगवाल्यांकडे सद्दी मिळते ती उत्तम, नायलॉनचा दोरा नको कारण तो गाठीतून सरकतो. मैदा घरात असतोच. सोनेरी-चंदेरी बेगडी कागद सजावटीला. होल्डर, वायर, प्लग लोहार चाळीतून किंवा नाक्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून.

हत्यारं म्हणाल तर चांगला कटर, हॅकसॉ ब्लेड, स्टीलची पट्टी, १२० नंबरचा पॉलिश पेपर, कात्री, आणि असला तर सुताराचा गुण्या. गुण्या नसेल तर ए-फोर कागदाचा कोपरा काटकोनच असतो, तो वापरा. शिवाय एक जुना प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा, साधारण १४ इंच चौरस.

थर्माकोल यात कुठेच लागत नाही आणि लावूही नका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि दिव्याजवळ ती वस्तू तशीही नको.

कामट्या तासणं

कामटीची जाडी साधारण ३ मिलिमीटर आणि रुंदी ५ ते ६ मिलिमीटर धरा. यापेक्षा जाड घेतली तर कंदील उगाच जड होतो, बारीक घेतली तर कागद सुकताना ताणतो त्या ओढीने वाकते. स्वतः फोडणार असाल तर बांबू आधी एक रात्र पाण्यात ठेवा, मग कोयत्याने मधोमध दोन फाळके, त्याचे परत दोन, असं अर्ध्या-अर्ध्याने फोडत जा, एकदम कडेची बारीक पट्टी काढायला गेलात तर ती मध्येच निसटते. बांबूची बाहेरची पाठ घट्ट आणि चिवट असते, आतला भाग मऊ असतो, आपल्याला पाठीकडचा भाग ठेवायचाय आणि आतला तासून काढायचाय.

पेराची गाठ कामटीच्या टोकाजवळ येऊ देऊ नका, तिथे दोरा नीट बसत नाही. मध्ये आली तर चालते पण तासून सपाट करा.

९ इंचाच्या बाजूसाठी कामटी १० इंच कापायची. दोन्ही टोकांपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलने खूण करा, बांधायचं त्या खुणेवर, म्हणजे खूण ते खूण बरोबर ९ इंच. अशा २४ कामट्या, वर चार जास्तीच्या ठेवा. शिवाय १४ इंचाच्या दोन, त्या वरच्या आणि खालच्या चौकोनात तिरक्या जाणार आहेत. सगळ्या कापून झाल्या की मुठीत धरून टेबलावर उभ्या आपटा, लांडी-लांब असेल ती लगेच कळते. इथे दोन मिलिमीटरचाही फरक सोडू नका, पुढे जोडताना तोच फरक वाढत वाढत शेवटच्या कोपऱ्यात येऊन बसतो आणि तिथे तोंड जुळत नाही.

मग पॉलिश पेपर मारा, सगळ्या कडांवर. बांबूची कूस बोटात गेली की दोन दिवस ठणकते, लहान मुलं मदतीला असतील तर तासलेल्या कामट्याच त्यांच्या हातात द्या. आणखी एक, बांबूच्या पाठीवर मेणासारखी चकाकी असते, तिच्यावर खळ धरत नाही, म्हणून पाठीवरून कटरचं पातं आडवं धरून हलक्या हाताने खरवडा, चकाकी गेली की पुरे.

चौकोन बांधणं, इथे घाई नको

प्लायच्या तुकड्यावर गुण्या लावून ९ इंचाचा चौकोन आखा. रेघा कोपऱ्यांच्या बाहेर थोड्या वाढवा. सहाच्या सहा चौकोन याच एका आकृतीवर ठेवून बांधायचे म्हणजे सगळे सारखे येतात.

चार कामट्या रेघांवर ठेवा, पाठ बाहेरच्या बाजूला. ठेवताना प्रत्येक कामटीचं एक टोक शेजारणीच्या वर आणि दुसरं टोक पुढच्या शेजारणीच्या खाली गेलं पाहिजे. समोरासमोरच्या दोन खाली आणि त्यावर दोन असं ठेवलंत तरी बांधता येतं, पण मग चौकोन सपाट बसत नाही आणि कागद लावताना कडेला फट राहते.

आता कोपरा. दोरा खुणेवर तिरका तीन-चार वेळा फिरवा, मग उलट्या तिरक्याने तीन-चार वेळा, फुलीसारखा. त्यानंतर दोन कामट्यांच्या मधून, म्हणजे आडव्या पडलेल्या दोऱ्याभोवती दोन वेढे घेऊन कचकचून आवळा. हे मधले वेढे बहुतेक जण देत नाहीत आणि म्हणून सांधे ढिले राहतात. शेवटी निरगाठ मारा, वर फेविकॉलचा एक थेंब. चारही कोपरे झाले की गाठी सुकायच्या आत चौकोन परत आकृतीवर ठेवून कर्ण मोजा, दोन्ही कर्ण पावणेतेरा इंच आले पाहिजेत. एक तेरा आणि एक साडेबारा असेल तर हाताने ढकलून सारखे करा आणि तसंच वजन ठेवून सुकू द्या.

कर्ण मोजायला एवढं का सांगतोय, तर त्रिकोण स्वतःहून घट्ट असतो, तीन काड्या बांधल्या की तो हलत नाही. चौकोन तसा नसतो, कोपरे कितीही आवळा तो ढकलला की तिरका होतोच. आपल्या सांगाड्यात सहा चौकोन आहेत, म्हणजे सहा ठिकाणी तो तिरका व्हायला बघणार. बाजूच्या चार चौकोनांना कागद घट्ट धरून ठेवतो. वरचा आणि खालचा उघडा राहतो, तिथे कागद नाही, म्हणून त्या दोघांत ती १४ इंची कामटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी बांधायची. या दोन काड्या विसरलात तर कंदील टांगल्यावर पिळवटतो, बाजारातल्या स्वस्त कंदिलांचं नेमकं हेच होतं.

खळ

मैद्याची खळच वापरा असं माझं म्हणणं आहे. फेविकॉलने कागद चिकटतो पण जिथे लागतो तिथे कडक होतो, डाग पडतात, आणि एकदा बसला की सरकवता येत नाही. खळ सावकाश सुकते, त्यामुळे सुरकुती पडली तर कागद उचलून परत ताणता येतो, आणि पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने निघूनही येते.

दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग एक कप होईल इतकं पाणी घाला आणि मंद गॅसवर सतत ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक आणि चकचकीत होते, चमच्यावरून सलग धार पडली की गॅस बंद. गार झाली की गाळून घ्या. चिमूटभर तुरटी घातली तर जरा जास्त टिकते. जुने लोक मोरचूद घालायचे, त्याने झुरळं आणि कसर लागत नाही हे खरं, पण मोरचूद विषारी असतो, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तो नकोच. मुंबईच्या उकाड्यात खळ बाहेर एक दिवस राहते, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, डब्यावर नाव लिहून ठेवा नाहीतर घरातलं कोणीतरी सॉस समजून काढेल.

चौकोनांना कागद आत्ताच लावा

बहुतेक ठिकाणी आधी पूर्ण सांगाडा उभा करतात आणि मग कागद लावतात. मी बाजूच्या चार चौकोनांना आधीच, आडवे असतानाच कागद लावतो, कारण सपाट पृष्ठभागावर कागद ताणणं कितीतरी सोपं जातं आणि कागद सुकला की चौकोन काटकोनात कायमचा बसतो.

एका तावाचे १० इंचाचे ६ चौकोन निघतात, आपल्याला ४ हवेत, दोन फाटले तरी चिंता नाही. कोपरे थोडे कातरा कारण तिथे कामट्यांची टोकं बाहेर आलेली आहेत. खळ कामटीला लावायची, कागदाला लावायची नाही, हे नीट लक्षात ठेवा, पतंगाच्या कागदाचा रंग ओला झाला की सुटतो आणि पसरतो. कामटीवर खळीचा पातळ हात फिरवा, कागद वरून अलगद ठेवा, आधी समोरासमोरच्या दोन बाजू ताणा, मग उरलेल्या दोन. जास्तीचा अर्धा इंच कामटीवरून आत दुमडा. ताणायचं म्हणजे बोटाच्या पेरांनी हलकेच बाहेर सरकवायचं, ओढायचं नाही. आकृतीवर सपाट ठेवून पंख्याखाली सुकू द्या, पंखा मंद.

सुकल्यावरही थोडा ढिला वाटला तर स्प्रेच्या बाटलीने लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की कागद सुकताना ताठ होतो, पण आधी त्याच रंगाच्या तुकड्यावर मारून बघा, रंग फुटत असेल तर तो नाद सोडा.

रंगांबद्दल एकच सांगतो. कागद हातात धरून निवडू नका, दिव्यासमोर धरून निवडा. पिवळा, केशरी, गुलाबी, लाल यातून उजेड छान येतो. गडद निळा आणि गडद हिरवा दिवसा सुंदर दिसतात आणि रात्री काळपट होतात, ते पट्ट्यांना ठेवा. पांढरे चौकोन आणि केशरी त्रिकोण ही माझी आवडती जोडी.

जोडणी

चार कागदी चौकोन टोकावर उभे धरा आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यांनी एकमेकांना बांधा, साखळीसारखे, शेवटचा पहिल्याला. चार सांध्यांपैकी तीन निरगाठीने आणि एक सुरगाठीने, का ते शेवटी येईल. आता चार शंकरपाळ्यांचं एक कडं तयार झालं, वर चार टोकं आणि खाली चार टोकं. वरच्या चार टोकांना वरच्या चौकोनाचे चार कोपरे बांधा, कंदील उलटा करून खालचंही तसंच. हे आठही सांधे सुरगाठीने. दोरा दोन-तीन वेढे घेऊन घट्ट, फक्त शेवटची गाठ सुटणारी.

एकट्याने करत असाल तर आधी सगळे सांधे कपड्यांच्या क्लिपांनी धरून ठेवा, मग एकेक बांधत जा. दोघं असाल तर फार पटकन होतं, एकाने धरायचं आणि एकाने बांधायचं, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना धरायला बसवा, गोष्टीही ऐकायला मिळतात. बांधून झालं की कंदील टेबलावर ठेवा, चारही बाजूंनी डोळे टेबलाच्या पातळीवर आणून बघा, वरचा चौकोन आडवा सरळ आहे का. नसेल तर आत्ताच सांधे सरकवा, त्रिकोणांना कागद लागला की मग काही करता येत नाही.

त्रिकोण

आठ त्रिकोण, चार वरचे ज्यांचं टोक खाली येतं आणि चार खालचे ज्यांचं टोक वर जातं. कागद कापायला सांगाड्याचाच एक त्रिकोण जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून बाहेरून आखा, सगळीकडे अर्धा इंच वाढवा, आणि तो साचा वापरा. एका तावाच्या १० इंची दोन पट्ट्या केल्या आणि साचा एकदा सुलटा एकदा उलटा ठेवत गेलात तर एका पट्टीत ४ म्हणजे एका तावात बरोबर ८ बसतात. तिसरा ताव पूर्ण शेपट्यांना मोकळा राहतो.

लावायची पद्धत तीच, खळ कामटीला. फक्त एक त्रिकोण लावला की लगेच शेजारचा लावू नका, समोरासमोरचे लावत जा, सगळी ओढ एकाच बाजूला आली तर सांगाडा कलतो.

सजावट, पण बेताने

कडांवर कागद दुमडल्याच्या खुणा दिसतात, त्या झाकायला बेगडी कागदाच्या अर्धा इंची पट्ट्या मधोमध दुमडून कामट्यांवर चिकटवा. एवढ्यानेच कंदिलाला उठाव येतो.

करंज्या करायच्या असतील तर ३ इंचाचे चौकोनी तुकडे कापा, समोरासमोरचे दोन कोपरे घडी न पाडता गोलाईने जवळ आणून चिकटवा, झाली करंजी. प्रत्येक त्रिकोणाच्या मध्ये एक, किंवा वरच्या चौकोनाच्या कडेने ओळीने. चौकोनांच्या मध्ये जाळीची नक्षी हवी असेल तर ६ इंचाचा कागद तीनदा दुमडून कातरा, मुलांना हे काम द्या, त्यांचं कातरकाम कितीही वेडंवाकडं असलं तरी उलगडल्यावर छानच दिसतं.

शेपट्यांसाठी तिसऱ्या तावाच्या अर्ध्या लांबीने, म्हणजे १५ इंच लांब, एक-एक इंचाच्या पट्ट्या, खालच्या चौकोनाच्या चारही बाजूंना. पट्ट्या सुट्या चिकटवण्यापेक्षा तावाची रुंद पट्टी घ्या, वरचा दीड इंच सोडून खालून कातरत जा, आणि अख्खी झालर एकदम चिकटवा, वाऱ्यात एकेक गळत नाही. कामट्यांच्या बाहेर आलेल्या टोकांना, म्हणजे मधल्या चार कोपऱ्यांना, छोटे गोंडे लावले तर फार शोभतात.

दिवा आणि वायर

एलईडी बल्बच लावायचा, ५ ते ७ वॉट, वॉर्म व्हाइट. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब हाताला चटका बसेल इतका तापतो आणि हा कागद आणि बांबू दोन्ही चटकन पेट घेणारं सामान आहे. पणती आत ठेवायची हौस असली तरी नको. आपल्या मापात बल्ब बरोबर मध्ये टांगला तर कागद त्याच्यापासून सगळीकडे सहज पाच इंच लांब राहतो. वरचा चौकोन उघडाच ठेवा, हवा खेळली पाहिजे.

पेंडंट होल्डर, पिनवाला, घ्या आणि दोन कोअरची चांगल्या कंपनीची फ्लेक्झिबल वायर, ०.७५ स्क्वेअर एमएमची पुरते. होल्डरच्या टोपणाच्या आत वायरला गाठ मारा म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. वायर वरच्या तिरक्या कामटीच्या मध्यावर दोऱ्याने बांधा, होल्डर कामटीच्या जरा खाली येऊ द्या, मग बल्ब कंदिलाच्या मध्यावर येतो. वायरला मध्ये जोड नको, खिडकीच्या बाहेर तर अजिबात नको, टेप गुंडाळलेला जोड पावसाच्या एका सरीत धोकादायक होतो. लांबी कमी पडत असेल तर नवीन लांब वायर घ्या. प्लग घराच्या आत, आणि बल्ब बदलताना किंवा कंदील हलवताना प्लग काढूनच. वायरिंगची सवय नसेल तर एवढं काम नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

टांगणं

कंदिलाचं वजन वायरवर कधीच द्यायचं नाही. वरच्या चार कोपऱ्यांना १४-१४ इंचाचे चार दोरे बांधा, एका कडीत एकत्र करा, आणि कडीपासून एक मजबूत दोरी हुकाला. चारही दोरे सारखे नसतील तर कंदील कलतो, म्हणून आधी कडीत ढिले बांधून घरातच दरवाज्याच्या चौकटीला टांगून बघा. वायर कडीतून वर न्या आणि दोरीपेक्षा थोडी सैल ठेवा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक करा. समुद्राकडचा वारा सुटला की कंदील गरगर फिरतो आणि वायरला पीळ पडतो, त्यासाठी खालच्या तिरक्या कामटीपासून एक बारीक दोरा ग्रीलला बांधून ठेवा, झालरीत तो दिसत नाही. पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो असं हवामान खात्याचं सरासरी वेळापत्रक आहे, पण सरी मागे रेंगाळतात, आणि दिवाळी ऑक्टोबरात आली की संध्याकाळी गडगडाट ठरलेला. पतंगाच्या कागदाला दोन मिनिटांचा पाऊसही सोसत नाही. छज्ज्याखालीच टांगा. छज्जा नसेल तर कागदाऐवजी जुन्या सुती साडीचं किंवा ओढणीचं पातळ कापड फेविकॉलने लावा, बाकी सगळी कृती तीच, उजेड जरा मऊ येतो आणि भिजला तरी वाळतो. कापडाचा कंदील करणार असाल तर खळ वापरू नका, ओली झाली की सुटते.

वसुबारसेला लावला की भाऊबीजेपर्यंत तर राहतोच, पुष्कळ घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. उन्हाने रंग उडतो, दुपारचं थेट ऊन येत असेल तर दिवसा आत घ्या.

उतरवल्यावर

आपल्या घरात माळ्यावर अठरा इंचाचा फुगीर कंदील ठेवायला जागा कुणाकडे आहे, म्हणून त्या सुरगाठी. आधी होल्डर-वायर काढा, झालर काढा, मग आठ त्रिकोणांचा कागद ओल्या फडक्याने कडा भिजवून सोडवा. वरच्या आणि खालच्या चौकोनाच्या आठ सुरगाठी ओढा, दोन्ही चौकोन सुटे होतात. कड्यातली एक सुरगाठ सोडा, चार चौकोन एकावर एक दुमडून सपाट गठ्ठा होतो, त्यावर हे दोन ठेवा, सगळं मिळून जाड वहीएवढी उंची होते, कपाटाच्या मागेसुद्धा सरकवता येतं.

चौकोनांचा कागद चांगला असेल तर ठेवायचा मोह होतो, पण वाळलेल्या खळीवर झुरळं आणि कसर येतातच, म्हणून तोही काढा, कामट्या ओल्या फडक्याने पुसा, एक दिवस उन्हात ठेवा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळताना आत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा दोन-चार लवंगा टाका. कागद नसताना चौकोन तिरके होतात, तर गठ्ठा करायच्या आधी सगळे एकावर एक सरळ लावून दोन्ही बाजूंनी आडवा दोरा बांधून टाका. सुटे दोरे, कडी, होल्डर आणि त्रिकोणाचा वर्तमानपत्राचा साचा, हे सगळं एका पिशवीत घालून त्याच गठ्ठ्याला बांधा, आणि पिशवीवर मापं लिहा, ९ इंच बाजू, १० इंच कामटी, ३ ताव.